दुरुस्त आवाजाची साक्ष

पुस्तकातील मजकुराचे संपादन आपण केव्हाच स्वीकारले आहे. लेखकाने हस्तलिखितात खोडलेली ओळ छापील पानावर दिसत नाही, म्हणून आपली फसवणूक झाली असे कोणताही वाचक म्हणत नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र आपली अपेक्षा निराळी असते. ध्वनिमुद्रिका लावली की अमुक गायक अमुक दिवशी असा गायला, असे आपण नकळत मानून चालतो. आपल्या लेखी ध्वनिमुद्रण ही घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष असते. मुद्रण करणाऱ्यांच्या लेखी ती एक रचना असते. अनेक तुकड्यांतून निवडून, जुळवून, घासूनपुसून सिद्ध केलेली. गेल्या अर्धशतकात ध्वनिमुद्रण डिजिटल झाले, त्याचे संकलन संगणकावर होऊ लागले, बेसूर लागलेला स्वरही मागाहून सुरात आणता येऊ लागला आणि साक्ष व रचना यांतील हे जुने अंतर फारच वाढले. या साधनांनी संगीताला काय दिले आणि श्रोत्याकडून काय काढून घेतले, याचा विचार संगीतसमीक्षेने करावयास हवा. माझे मत आरंभीच सांगतो. दोष दुरुस्तीत नाही, दुरुस्ती लपवण्यात आहे. आणि ज्या यंत्राला आपण बोल लावतो, त्याने मूळ आवाज जपून ठेवण्याची सोय प्रथमपासून करून ठेवली आहे.

या विषयाचा विचार करताना टॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन अभियंत्याचे नाव टाळता येत नाही. १९३३ साली जन्मलेले स्टॉकहॅम मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रशास्त्र संस्थेत शिकले, तेथेच शिकवू लागले आणि १९६८ मध्ये युटा विद्यापीठात गेले. त्यांची दोन कामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले काम न्यायालयाचे. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे सहायक हॉल्डमन यांच्यात २० जून १९७२ रोजी झालेल्या संभाषणाच्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटे नुसती घरघर ऐकू येत होती. वॉटरगेट प्रकरणात ही फीत मोलाचा पुरावा ठरणार होती. न्यायाधीश जॉन सिरिका यांच्यापुढे अहवाल ठेवण्यासाठी सहा तज्ज्ञांचे मंडळ नेमण्यात आले. स्टॉकहॅम त्यांपैकी एक होते. मंडळाने १९७४ मध्ये निष्कर्ष दिला, तो असा की, किमान पाच आणि कदाचित नऊ वेळा यंत्राच्या कळा हाताने दाबून आवाज पुसण्यात आला होता. पुसण्याची क्रिया दर वेळी सुरू वा बंद होताना फितीच्या चुंबकीय थरावर बारीक खूण उमटत होती. त्या खुणांनीच साक्ष दिली. पुसणारा कोण, हे ठरले नाही. पुसले गेले, हे मात्र सिद्ध झाले.

दुसरे काम संगीताचे. १९७५ मध्ये स्टॉकहॅम यांनी सॉल्ट लेक सिटी येथे साउंडस्ट्रीम नावाची कंपनी काढली. फितीवर आवाज चुंबकीय लहरीच्या रूपाने उमटतो. तिची प्रत काढली की फितीची स्वतःची सरसर तीत मिसळते, प्रतीची प्रत काढली की ती आणखी वाढते. डिजिटल पद्धतीत लहर साठवली जात नाही. तिची मापे साठवली जातात. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कसाठी जे प्रमाण ठरले ते पाहिले म्हणजे कल्पना येईल. एका सेकंदात ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्यांपैकी सर्वांत जवळची पायरी निवडायची. तीन मिनिटांच्या गीतात एका बाजूच्या ध्वनीचीच ७९ लाखांवर मापे होतात. आवाज असा आकड्यांत उतरला की त्याची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते. ही मूळ कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ मध्ये टेलिफोनच्या संदर्भात सुचली होती. जपानच्या डेनॉन कंपनीने १९७२ मध्ये स्वतःच्या डिजिटल यंत्रावर अभिजात संगीताचे मुद्रण केले. स्टॉकहॅम यांनी १९७६ मध्ये सांता फे येथील ऑपेराचे, आणि १९७८ मध्ये फ्रेडरिक फेनेल यांच्या दिग्दर्शनाखाली क्लीव्हलंड येथील सुषिर वाद्यवृंदाचे मुद्रण आपल्या यंत्रावर केले. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि ही पद्धत घराघरांत पोहोचली.

स्टॉकहॅम यांचे खरे धाडस मुद्रणापेक्षा संकलनात दिसते. तोवर ध्वनिफीत दाढीच्या पात्याने कापून चिकटपट्टीने जोडावी लागे. कापणाऱ्याचा हात चुकला तर मूळ फीतच बिघडे. साउंडस्ट्रीममध्ये आकडे संगणकाच्या चकतीवर घेतले जात, लहरीचे चित्र पडद्यावर दिसे आणि एक तुकडा कोठे संपवून दुसरा कोठे सुरू करायचा हे तेथे ठरे. सांध्यापाशी पहिला आवाज क्षणाच्या अंशात मावळत जातो व दुसरा उगवत येतो. हे मावळणे-उगवणे संगणक गणिताने साधतो. जोड पसंत पडला नाही तर तो रद्द करायचा. मूळ मुद्रणाला धक्काच लागत नाही, कारण संगणकाजवळ असते ती केवळ यादी: इथपासून इथपर्यंत हे वाजव, मग ते वाजव. कॅलिफोर्नियातील डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स ही साधने आणली. पुढे ही विद्या मोठ्या स्टुडिओतून उतरून सामान्य संगणकावर आली.

ज्याने पुसण्याच्या खुणा शोधून काढल्या, त्यानेच खूण न ठेवता जोडणारे यंत्र घडवले, हा योगायोग विचारात पाडणारा आहे. पण जरा थांबून पाहिले तर दोन्ही कामांत एकच निष्ठा दिसते. वॉटरगेटच्या फितीवर जे पुसले गेले ते कायमचे गेले. संगणकावरील संकलनात मूळ शिल्लक राहते आणि झालेल्या प्रत्येक फेरफाराची नोंदही राहू शकते. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही हे खरे. परंतु सांधा कोठे आहे हे सांगणारी यादी अस्तित्वात असते. ती जपायची की टाकून द्यायची आणि श्रोत्याला तिची कल्पना द्यायची की नाही, हे माणूस ठरवतो.

स्टॉकहॅम यांच्या कार्यातील कलादृष्ट्या सर्वांत रोचक भाग म्हणजे एन्रिको कारुझो यांच्या जुन्या तबकड्यांचा जीर्णोद्धार. कारुझो १९२१ मध्ये वारले. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले. म्हणजे हा महान गायक आयुष्यभर कर्ण्यात गायला. कर्ण्याला स्वतःचा आवाज असतो. काही स्वर तो फुगवतो, काही दडपतो. कर्णा तर केव्हाच नाहीसा झालेला. मग त्याचा दोष मोजायचा कसा? स्टॉकहॅम यांनी कारुझो यांच्या गायनातील निरनिराळ्या कंपनसंख्यांची सरासरी पातळी काढली. तेच गीत दुसऱ्या गायकाने पुढे आधुनिक यंत्रावर गायले होते, त्याचीही काढली. दोहोंतील फरक कर्ण्याच्या खात्यावर टाकला आणि तेवढा उलटा हिशेब करून आवाज मोकळा केला. १९७६ मध्ये आरसीए कंपनीने या मुद्रणांची तबकडी प्रसिद्ध केली. जुनी तबकडी व ही आवृत्ती लागोपाठ ऐकली म्हणजे डब्यातून आल्यासारखा वाटणारा आवाज पुढे येतो, स्वरोच्चार सुटे होतात. तबकडीची खरखर पूर्णपणे गेलेली नाही. ती घालवणे हा या पद्धतीचा हेतूही नव्हता.

समीक्षकाने मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन गायकांच्या आवाजाची सरासरी ठेवण सारखी असते, हे गृहीत धरूनच हा हिशेब उभा राहतो. म्हणजे आपण ऐकतो तो कारुझो यांचा आवाज आणि त्याविषयी एका विद्वानाने केलेले अनुमान, या दोहोंचा मिलाफ आहे. जुन्या चित्रावरील काजळी पुसणारा जीर्णोद्धारकही असेच अनुमान करीत असतो. त्याला आपण लबाड म्हणत नाही. कारण आपण काय केले हे तो सांगतो आणि मूळ चित्र नष्ट करीत नाही. स्टॉकहॅम यांनी आपली रीत १९७५ मध्ये शोधनिबंधात सविस्तर मांडली होती, आणि जुन्या तबकड्या होत्या तशा आहेत. ज्याला शंका येईल त्याने ताडून पाहावे. माझ्या मते जीर्णोद्धाराचा हा आदर्श आहे.

दुरुस्तीची इच्छा डिजिटल यंत्रांबरोबर जन्मली, असे समजण्याचे कारण नाही. १९५२ मध्ये लंडन येथे वाग्नर यांच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' या ऑपेराचे मुद्रण झाले, तेव्हा नायिकेची भूमिका गाणाऱ्या कर्स्टन फ्लॅगस्टाड छप्पन वर्षांच्या होत्या. त्यांच्यासाठी सर्वांत उंच स्वर एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी लावले. ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा फ्लॅगस्टाड यांना फार मनस्ताप झाला. याउलट कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडल्या आणि केवळ स्टुडिओसाठी वाजवले. १९६६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी स्वतःच सांगितले की, बाख यांच्या एका फ्यूगचे त्यांचे मुद्रण सहाव्या व आठव्या वादनातील भाग जोडून सिद्ध झाले आहे. एक वादन गंभीर होते, दुसरे उल्हसित, आणि एकेकटे दोन्ही त्यांना कंटाळवाणे वाटले. सांधा दोन्ही ठिकाणी आहे. एका ठिकाणी तो उघड झाल्याने कलावतीचा मान दुखावला. दुसऱ्या ठिकाणी कलावंताने तो स्वतः दाखवला आणि ती त्याची कलादृष्टी ठरली.

लपवाछपवी कोठवर जाऊ शकते, हे जॉइस हॅटो प्रकरणात जगाने पाहिले. हॅटो या इंग्रज पियानोवादिकेने १९७६ नंतर जाहीर वादन केले नाही. पुढे त्यांना कर्करोगाने ग्रासले. त्यांचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांनी आपल्या छोट्या कंपनीतर्फे त्यांच्या नावावर शंभरावर सीडी काढल्या. असाध्य रोगाशी झुंजणारी वृद्धा बंद खोलीत पियानोचे जवळजवळ सर्व वाङ्मय वाजवते आहे, या कथेने समीक्षक भारावले. जून २००६ मध्ये हॅटो वारल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये एका श्रोत्याने लिस्ट यांच्या रचनांची त्यांची सीडी संगणकात घातली, तेव्हा संगणकाने वादकाचे नाव लास्लो सिमोन असे दाखवले. सीडीवरील तुकड्यांच्या लांबीवरून संगणक ती ओळखत असे. मग ध्वनितज्ज्ञांनी लहरींची चित्रे एकावर एक ठेवून पाहिली. एकामागून एक मुद्रण दुसऱ्याचेच निघाले. ओळख पटू नये म्हणून काहींची गती संगणकाने किंचित वाढवली वा कमी केली होती. लंडन विद्यापीठातील संशोधकांना शोपँ यांच्या मझुर्कांच्या अभ्यासात स्वतंत्रपणे हेच आढळले. अखेर बॅरिंग्टन-कूप यांनी पत्र लिहून कबुली दिली. वाजवताना पत्नीच्या तोंडून वेदनेचे हुंकार निघत. ते झाकण्यासाठी आरंभी छोटे तुकडे जोडले आणि मग तुकडे वाढत गेले, असे त्यांचे म्हणणे.

या कबुलीत किती तथ्य होते, याविषयी मतभेद झाले. परंतु तिने दाखवलेली वाट विचार करण्यासारखी आहे. हुंकार पुसणे ही दयेची कृती वाटते. मग एक चुकलेली ओळ, मग एक पान, मग संपूर्ण वादन. पायऱ्या इतक्या लहान की आपण कोणत्या पायरीवर प्रामाणिकपणा सोडला हे उतरणाऱ्याला कळत नाही. खेदाची गोष्ट अशी की, ते हुंकार तसेच ठेवले असते तर एका आजारी कलावतीची खरी साक्ष आपल्या हाती राहिली असती. समीक्षकांनाही यातून धडा आहे. तेच वादन मूळ वादकाच्या नावाखाली सामान्य आणि हॅटो यांच्या नावाखाली थक्क करणारे ठरवले गेल्याचे उघड झाले. कानांनी ऐकण्याऐवजी कथा ऐकली की असे होते. आणि हेही विसरू नये की, डिजिटल यंत्राने ज्या चोरीला मदत केली ती डिजिटल यंत्रानेच पकडली.

आता स्वराच्या दुरुस्तीकडे वळू. अँडी हिल्डेब्रँड हे मुळात खनिज तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचे गणित करणारे अभियंता. जमिनीत सोडलेल्या लहरी परत येतात तेव्हा त्यांतील पुनरावृत्ती शोधून थरांची माहिती मिळते. हेच गणित वापरून गळ्यातील स्वराची कंपनसंख्या काढायची आणि तो स्वर जवळच्या शुद्ध स्थानी सरकवायचा, अशी त्यांची योजना. १९९७ मध्ये ते ऑटो-ट्यून या नावाने बाजारात आले. दुसऱ्याच वर्षी शेर या गायिकेचे 'बिलीव्ह' हे गीत आले. त्यात स्वर सरकवण्याचा वेग मुद्दाम इतका ठेवला होता की आवाज यंत्रासारखा तुटक उड्या मारतो. पहिल्यांदा निर्मात्यांनी साधनाचे नाव सांगण्याचे टाळले. पण परिणाम तर कोणाच्याही कानावर पडत होता. हा प्रकार आवडो वा न आवडो, त्यात फसवणूक नाही. चिंतेचा विषय आहे ती न ऐकू येणारी दुरुस्ती.

तिचा धोका भारतीय संगीताच्या श्रोत्याला लवकर कळावा. हे साधन पाश्चात्त्य सप्तकाच्या बारा स्थानांवर लावून वेगाने वापरले, तर दोन स्वरांमधील जागा ही त्याच्या लेखी चूक ठरते. आपल्याकडे रागाचा प्राण त्याच जागेत असतो. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार एका बिंदूवर उभा राहत नाही. तो झुलतो म्हणून तो दरबारीचा. मींड म्हणजे तर एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाण्याचा सबंध प्रवास. हा प्रवास सरळ पायऱ्यांत मोडला तर स्वर अचूक होतील आणि राग नाहीसा होईल. साधन जपून वापरणारा जाणकार हे टाळू शकतो. परंतु सुरात असणे म्हणजे यंत्राच्या पायरीवर असणे, अशी कानाची सवय एकदा झाली की जाणकारही निर्माण होईनासे होतील.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. बालपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे, अशा कास्त्राती गायकांची क्लेशकारक प्रथा इटलीत होती. सिस्टिन चॅपेलचे गायक आलेस्सांद्रो मोरेस्की हे या परंपरेतील अखेरच्यांपैकी. १९०२ व १९०४ मध्ये रोम येथे ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गायन मुद्रित केले. १९०२ हे साल लक्षणीय आहे. त्याच वर्षी याच कंपनीने मिलानमध्ये कारुझो यांचा आणि कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. एकल गायनाच्या तबकड्या मागे ठेवणारे मोरेस्की हे एकमेव कास्त्रातो. त्यांचे स्वर काही ठिकाणी डळमळतात, स्वराआधी हुंदक्यासारखा आघात येतो. हा वयाचा परिणाम, कर्ण्यापुढील संकोच, की त्या काळची शैली, याबद्दल आजही वाद आहे. उद्या कोणी हे स्वर यंत्राने नीट केले तर गीत कानाला गोड लागेल. मात्र एका लोपलेल्या आणि पीडित परंपरेविषयी विचारण्यासारखा प्रश्नच उरणार नाही.

आपल्या धर्मग्रामांशीही या विषयाचा संबंध आहे. आज भक्तिगीतांचे मुद्रण घरच्या संगणकावर होते, आणि त्यात गैर काही नाही. पण घरी सतत निर्दोष केलेला आवाज ऐकणारा भाविक रविवारी मिस्सेत स्वतःचा साधा आवाज ऐकून संकोचतो आणि गप्प बसतो. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमने उपासनासंगीताविषयी जे सूचनापत्र काढले, त्यात ग्रामोफोन व ध्वनिफीत यांना उपासनेत मनाई केली आहे. उपासनेबाहेर, भाविकांना गीते शिकवण्यासाठी मात्र मुभा आहे. मला हा विवेक आजही योग्य वाटतो. मुद्रित आवाज शिक्षक होऊ शकतो, बदली गायक होऊ शकत नाही. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने भाविकांचा सक्रिय सहभाग मागितला तो सुरेल गळ्यांपुरता मागितलेला नाही.

डिजिटल साधनांचा त्याग करा असे सांगण्याचा हेतू नाही. उलट त्यांच्यातील उत्तम गुणाचा उपयोग करा असे सुचवावेसे वाटते. पुष्कळ कुटुंबांत जुन्या गायनवृंदाची, आजीने म्हटलेल्या लग्नगीतांची, एखाद्या दिवंगताच्या आवाजाची कॅसेट पडून आहे. फितीचा थर झिजतो आहे. ती जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्यावी. पहिली प्रत खरखरीसह, खोकल्यासह, घसरलेल्या स्वरासह जशी आहे तशी ठेवावी. तिच्यावर गाणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष लिहावे. ऐकण्यासाठी दुसरी, स्वच्छ केलेली प्रत खुशाल करावी आणि तीवर 'दुरुस्त केलेली' असे नमूद करावे. तेवढे केले म्हणजे दोन्ही प्रती खऱ्या राहतील.